वतन आणि वेतन

ठाणें जिल्ह्यांत भिवंडीच्या जवळ वळ नांवाचें एक गांव आहे. आज त्या बाजूला जाणाऱ्याला तेथें गोदामांच्या लांबच लांब रांगा आणि मालमोटारींची वर्दळ दिसते. पण पूर्वीं ह्या सबंध पट्ट्यांत भातशेती हाच मुख्य धंदा होता. असल्या गांवांना इतिहासाच्या शालेय पुस्तकांत जागा मिळत नाहीं. तरीहि राज्यकारभाराच्या इतिहासांतील एक मोठा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर राजधानीपेक्षां असल्या गांवाच्या वेशीवर उभें राहणें अधिक सोयीचें. कारण राजाच्या आज्ञेचें अखेरचें टोंक येथें रयतेला येऊन भिडतें. सारा वसूल करणारा, जमिनीचें दप्तर लिहिणारा, निरोप पोंचविणारा आणि मुलांना शिकविणारा माणूस येथेंच भेटतो. त्या माणसाचें पोट कशावर चालतें, ह्यावर गांवाचें सुखदुःख पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

सरकारी नोकराला चांगला पगार दिला म्हणजे तो चांगलें काम करतो काय, हा प्रश्न आज वेतन-आयोगांच्या अहवालांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत चर्चिला जातो. तो नवा आहे असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः महाराष्ट्रानें तो निदान साडेतीनशें वर्षें अनेक प्रकारांनीं सोडवून पाहिला आहे, आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणी ना कोणी मोजली आहे.

1657 सालीं कल्याण व भिवंडी हीं शिवाजी महाराजांच्या ताब्यांत आलीं. त्या काळीं दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांत सरदारांना चाकरीबद्दल जहागीर किंवा मोकासा तोडून देण्याची चाल होती. जहागीरदारानें आपल्या मुलुखाचा वसूल घ्यावा, त्यांतून शिबंदी पोसावी आणि उरेल तें खावें, असा तो व्यवहार. ह्यांत सरकारच्या खजिन्यांतून रोकड जात नसे, ही सोय. पण वसूल घेणाराच त्या उत्पन्नाचा धनी झाल्यामुळें रयतेकडून किती घेतलें हें विचारणारा कोणी उरत नसे. महाराजांनीं ही रीत शक्य तेथवर बंद केली आणि रोख वेतन सुरू केलें. त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आंत लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत ह्या वेतनांचे आंकडे आले आहेत. लष्करांतील जुमलेदाराला वर्षाला 500 होन, हजारी सरदाराला 1000 होन, पंचहजारीला 2000 होन. मुलकी सुभेदाराला 400 होन आणि पालखीचा मान, तर मुजुमदाराला 100 ते 125 होन आणि अबदागिरी.

ह्या आंकड्यांत दोन गोष्टी लक्ष्यांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, पैशाबरोबर मानहि नेमून दिलेला होता; पालखी आणि अबदागिरी ह्या वेतनाच्याच बाबी मानल्या जात. दुसरी अशी कीं, महाराजांनीं केवळ वेतनावर विसंबून कारभार सोडला नाहीं. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन समान दर्जाचे अधिकारी नेमले जात, आणि एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर असे. म्हणजे पगार भरपूर, तो रोख, आणि शिवाय हिशेबाची तपासणी, असा तो तिपदरी दोर होता. त्यांतला एक पदर काढला तर दोर किती टिकेल, ह्याची परीक्षा पुढच्या शंभर वर्षांत झाली.

महाराजांच्या मागें मोंगलांशीं दीर्घ युद्ध जुंपलें. खजिना रिता झाला. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत सरदारांना धरून ठेवण्यास हातीं रोकड नव्हती. होतें तें फक्त मुलुखाचें आश्वासन. म्हणून सरंजाम आणि वतनें ह्यांची वाटणी पुन्हां सुरू झाली. ज्यांनीं ती केली त्यांना दोष देणें सोपें आहे, परंतु ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्यानें वेतन कशाचें द्यावें? राज्य वांचविण्यासाठीं तो उपाय करावा लागला. मात्र त्याचे परिणाम जाणणारे मुत्सद्दीहि त्याच पिढींत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत वतनदारांच्या स्वभावाविषयीं स्पष्ट इशारा आहे. वतनदार हा आपल्या जागीं लहानसा राजाच असतो, आणि बळ वाढलें कीं तो मोठ्या राज्याला जुमानीत नाहीं, हें त्या ग्रंथकारानें ओळखलें होतें. ज्या नोकराचें उत्पन्न कामावर अवलंबून नाहीं, ज्याला काढतां येत नाहीं आणि ज्याच्या मागून त्याचा मुलगाच त्या जागीं बसणार आहे, त्याच्याकडून काम करवून घेण्याचें साधन सरकारजवळ काय राहतें?

पेशवाईंत मुलकी कारभाराची मुख्य भिस्त मामलतदारांवर होती. मामलतदाराला नेमणूक असे; त्याच्या जोडीला फडणीस, मुजुमदार, दप्तरदार, चिटणीस इत्यादि दरखदार असत. दरखदारांची नेमणूक मामलतदाराच्या हातीं नसल्यामुळें त्यांचा त्याला धाक असावा, अशी योजना होती. परंतु नेमणुकीची रक्कम आणि मामलतदाराची खरी मिळकत ह्यांत मोठें अंतर असे. 1819 सालीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल सादर केला, त्यांत ह्या मिळकतीच्या वाटा त्यानें मोजून दाखविल्या आहेत. जमा लपविणें, दंड व किरकोळ पट्ट्या हिशेबांत न आणणें, रयतेला न दिलेली सूट दिली म्हणून लिहिणें, शिबंदीच्या हजेरींत नसलेलीं माणसें दाखविणें, पेन्शनी न देतां खर्चीं टाकणें, ह्या त्या वाटा. ह्या मिळकतींतील कांहीं भाग वरच्या दरबारीं पोंचवावा लागे. त्याला ‘अंतस्थ’ असें सौम्य नांव होतें.

तरीहि नाना फडणिसांच्या काळापर्यंत मामलतदार पुष्कळ वर्षें एकाच ठिकाणीं राहत असल्यामुळें त्याला रयतेचा कांहीं विचार करावा लागे. कोंबडी आपलीच आहे असें वाटल्यावर माणूस तिच्या अंड्यांची काळजी करतो. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत ही मर्यादाहि गेली. मामलती मक्त्यानें दिल्या जाऊं लागल्या. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला जिल्हा. आणि कबूल केलेली रक्कम भरण्यांत कसूर झाली, किंवा दुसऱ्यानें अधिक बोली केली, कीं तो जिल्हा त्याच्याकडून जाई. मक्तेदार आपला मुलुख पोटमक्त्यानें देई, पोटमक्तेदार आणखी खालच्याला देई, आणि अशा पायऱ्यांनीं तो बोजा गांवच्या पाटलापर्यंत उतरे. पाटलानें मक्ता घेतला तर तो गांवाचा अनियंत्रित धनी होई. न घेतला तर गांव परक्याच्या हातीं जाई आणि स्थिति बहुधा त्याहून वाईट होई.

वरवर पाहतां ही पद्धत कामाप्रमाणें दाम देणारीच होती. जितका वसूल अधिक तितका मक्तेदाराचा लाभ अधिक. पण ‘काम’ म्हणजे काय, हें ठरवितांना तिनें फक्त रक्कम मोजली. रयत टिकली कीं परागंदा झाली, शेत पिकलें कीं पडीत राहिलें, हें मापाच्या बाहेर राहिलें. वळसारख्या गांवच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें ह्या सर्व व्यवहाराचा अर्थ एकच होता. सरकारनें आपल्या नोकराला जें दिलें नाहीं, तें त्यानें शेतकऱ्याकडून घेतलें. आणि जेव्हां सरकारनें नोकरी विकायलाच काढली, तेव्हां तिची किंमतहि शेतकऱ्यानेंच भरली.

1817 च्या जून महिन्यांत झालेल्या पुण्याच्या तहानें उत्तर कोंकण इंग्रजांकडे गेलें. ठाणें आणि साष्टी हीं तर 1774 पासूनच त्यांनीं घेतलीं होतीं. कंपनी सरकार ह्या प्रश्नाकडे स्वच्छ हातांनीं आलें होतें असें मात्र नाहीं. बंगाल्यांत कंपनीच्या चाकरांचा पगार अपुरा आणि खासगी व्यापार व नजराणे ह्यांची मिळकत अमर्याद, अशी स्थिति पुष्कळ वर्षें होती. 1786 सालीं आलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसनें हें दुखणें ओळखलें. त्यानें कलेक्टरला दरमहा 1500 रुपये पगार व वसुलावर सुमारें शेंकडा एक दलाली ठरवून दिली, आणि त्याबरोबरच खासगी व्यापाराची मनाई केली. गोऱ्या नोकरांपुरता हा उपाय बराच लागू पडला. पण काळ्या नोकरांच्या बाबतींत त्यानें उलट मार्ग धरला. 1793 च्या सनदेच्या कायद्यानें वर्षाला 500 पौंडांवरील जागा कंपनीच्या करारबद्ध नोकरांसाठीं राखल्या गेल्या. म्हणजे एकाच राज्यांत एकाला मोठा पगार देऊन प्रामाणिक ठेवावयाचें, आणि दुसऱ्याला थोडा पगार देऊन त्याच्या अप्रामाणिकपणाबद्दल बोटें मोडावयाचीं! मद्रासचा गव्हर्नर सर थॉमस मन्रो ह्यानें 1824 च्या आपल्या टिपणांत ह्या विसंगतीवर नेमकें बोट ठेविलें. ज्या लोकांना अपुरें वेतन आहे आणि मोठ्या विश्वासाच्या जागेची आशाहि नाहीं, त्यांच्याकडून उच्च नीतीची अपेक्षा करणें व्यर्थ आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. वेतनाबरोबर पुढें चढण्याची आशा हाहि मोबदल्याचाच भाग आहे, हा विचार त्यांत आहे. आणि तो आजहि शिळा झालेला नाहीं.

गांवपातळीवर इंग्रजी अमलांत एक महत्त्वाचा भेद दिसूं लागला. देशावर वतनदार कुळकर्णी टिकून राहिले. ठाणें जिल्ह्यांत मात्र गांवचें दप्तर पगारी तलाठ्यांकडे असण्याची पद्धत रूढ झाली. पगारी तलाठ्याची बदली करतां येई, चुकल्यास त्याला काढतां येई, आणि त्याचा मुलगा आपोआप तलाठी होत नसे. ह्या दृष्टीनें ती सुधारणाच होती. पण एकाच तलाठ्याकडे अनेक गांवें आणि पगार बेताचा, ही तिची दुसरी बाजू. ज्याच्या लेखणीच्या एका ओळीवर शेतकऱ्याच्या जमिनीचा हक्क ठरतो त्याला तुटपुंजा पगार देणें, म्हणजे ती ओळ बाजारांत ठेवण्यासारखें आहे. देशावरील कुळकर्णी वतनें शेवटीं 1950 च्या कायद्यानें आणि मुलकी पाटलाची वंशपरंपरा जागा 1962 च्या कायद्यानें संपली. वतन जाऊन वेतन आलें, पण त्याला तीन शतकें लागलीं.

वतनाच्या ह्या कथेंत सर्वांत खालच्या पायरीवर जो उभा होता, त्याची हकीकत सर्वांत कठोर आहे. महार वतनदार हा गांवकामगार होता. सरकारी निरोप पोंचविणें, वसूल खजिन्यांत नेणाऱ्याबरोबर जाणें, अंमलदारांची बरदास्त ठेवणें, हद्दीच्या खुणा दाखविणें, अशीं कामें त्याच्याकडे असत. 1874 च्या वंशपरंपरा हुद्द्यांच्या कायद्यानें ह्या चाकरीला सरकारी कायद्याचें बंधन आलें. मोबदला काय, तर थोडी इनाम जमीन आणि गांवकऱ्यांकडून मिळणारें बलुतें. जमीन पिढ्यान् पिढ्या वाटली जाऊन तिचे तुकडे झाले. बलुतें देणें न देणें गांवकऱ्यांच्या मर्जीवर राहिलें. चाकरी सरकारची आणि तिचा दाम मात्र तिसऱ्याच्या दारांत जाऊन मागावयाचा! शिवाय कामाला वेळेची मर्यादा नव्हती. बाप हजर नसेल तर मुलाला किंवा घरांतील दुसऱ्या कोणाला जावें लागे.

1928 च्या मार्च महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत ह्या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. ज्याला चाकरी नको असेल त्याला ती सोडून आपली जमीन पूर्ण साऱ्यावर ठेवतां यावी, बलुत्याचें रोख पट्टींत रूपांतर होऊन ती सरकारनें वसूल करून द्यावी, आणि कामें कोणतीं हें नियमानें ठरावें, अशा त्याच्या मुख्य तरतुदी होत्या. त्यांचा मुद्दा केवळ दारिद्र्याचा नव्हता. बलुत्यावर अवलंबून असलेला माणूस गांवाच्या इच्छेविरुद्ध ताठ मानेनें उभा राहूं शकत नाहीं. मोबदल्याची रीतच त्याचा स्वाभिमान मारते, हें त्यांना दाखवावयाचें होतें. तें विधेयक निवड समितींत इतकें बदललें गेलें कीं 1929 सालीं त्यांनींच तें मागें घेतलें. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें मुंबई राज्यानें 1958 च्या कायद्यानें रद्द केलीं. मध्यें तीस वर्षें गेलीं. ज्यांचें आयुष्य त्या तीस वर्षांत गेलें त्यांच्या चाकरीचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं.

आतां शाळेकडे वळूं या. 1862 सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो ह्यानें एक नवा नियम केला. शाळेला मिळणारें अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित ह्यांच्या परीक्षेंत किती मुलें उतरलीं ह्यावर ठरावयाचें. नापास मुलापाठीं रक्कम कापावयाची. ‘निकालाप्रमाणें दाम’ ह्या नांवानें ही पद्धत ओळखली जाते. हिंदुस्थानांतहि तिचें अनुकरण झालें. परिणाम असा कीं पुष्कळ शिक्षक परीक्षेचें तेवढेंच घोकून घेऊं लागले. शाळातपासनीस असलेला कवि मॅथ्यू आर्नोल्ड ह्यानें ह्या यांत्रिकपणाविरुद्ध अनेक वर्षें लिहिलें, आणि शतक संपण्यापूर्वीं इंग्लंडनें ती पद्धत सोडून दिली.

महात्मा फुले ह्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें, त्यांतील वेतनविषयक सूचना ह्या संदर्भांत मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. खेड्यांतील शिक्षक शिकून तयार झालेला असावा. त्याचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं तो 15 किंवा 20 रुपये असावा. आणि जो अधिक मुलें उत्तीर्ण करील त्याला पगाराखेरीज उत्तेजनादाखल कांहीं भत्ता द्यावा, असें त्यांनीं सुचविलें. येथें भेद बारीक आहे पण फार महत्त्वाचा आहे. लोच्या नियमांत निकाल बिघडला कीं मूळ अनुदानच तुटे. फुल्यांनीं आधीं पोटाची शाश्वति मागितली आणि मग त्यावर बक्षीस ठेविलें.

अलीकडच्या संशोधनानें ह्या भेदाला पुष्टि दिली आहे. आंध्र प्रदेशांतील ग्रामीण शाळांत शिक्षकांना पगारावर, मुलांची सरासरी प्रगति पाहून, लहानसें बक्षीस देऊन पाहिलें गेलें. बक्षिसाची सरासरी रक्कम वार्षिक पगाराच्या शेंकडा तीनच्या आसपास होती. 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें दोन वर्षांनंतर त्या शाळांतील मुलें गणितांत व भाषेंत इतरांच्या पुढें गेलीं. ज्या विषयांवर बक्षीस नव्हतें त्यांतहि मागें पडलीं नाहींत. उलट इंडोनेशियांत प्रमाणपत्रधारक शिक्षकांचा मूळ पगार जवळजवळ दुप्पट करण्यांत आला. 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं शिक्षकांचें समाधान वाढलें, त्यांची पैशाची ओढाताण कमी झाली, पण मुलांच्या शिक्षणांत कांहीं फरक पडला नाहीं. ह्यावरून पगार वाढवूं नये असा अर्थ कोणी काढील, तर तो उतावळेपणा होईल. तेथील शिक्षक आधींच नोकरींत होते. पगारवाढीबरोबर त्यांच्या कामाकडे पाहण्याची रीत बदलली नाहीं. चांगल्या वेतनामुळें पुढें कोणत्या प्रतीचीं माणसें त्या धंद्याकडे वळतील, हा प्रश्न त्या दोन-तीन वर्षांच्या मापांत बसणारा नव्हता.

पगाराचा प्रश्न नोकरांनीं स्वतः हातीं घेतला तो दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईनंतर. 1946 च्या जुलैंत टपालखात्यांतील शिपाई व कनिष्ठ नोकर संपावर गेले आणि मुंबईसारख्या शहराचा पत्रव्यवहार थबकला. त्याच वर्षीं नेमलेल्या वरदाचारियार आयोगानें 1947 सालीं मध्यवर्ती सरकारच्या सर्वांत कनिष्ठ नोकराला 30 रुपये मूळ पगार व 25 रुपये महागाईभत्ता, एकूण 55 रुपये, अशी शिफारस केली. सातव्या आयोगानें 1 जानेवारी 2016 पासून हा किमान आंकडा 18,000 रुपयांवर नेला. महाराष्ट्रांत राज्य कर्मचाऱ्यांचा 1977 च्या डिसेंबरांत सुरू झालेला संप 54 दिवस चालला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरींत आलेल्यांना जुनें निवृत्तिवेतन बंद झालें. त्यासाठीं 2023 च्या मार्चमध्यें पुन्हां संप झाला. म्हातारपणाची तरतूद हीहि वेतनाचीच बाब आहे, असें ह्या संपकऱ्यांचें म्हणणें. खजिन्यावर पडणारा भार दाखवून सरकार त्याला उत्तर देतें. दोन्हीं बाजूंना वजन आहे. आणि त्या दोहोंच्या मध्यें टपालाची, इस्पितळाची आणि शाळेची वाट पाहणारा नागरिक उभा आहे.

ह्या सर्व इतिहासाचें तात्पर्य एका वाक्यांत सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. अपुऱ्या वेतनानें काम बिघडतें, ह्याचे पुरावे पेशवाईच्या हिशेबांपासून कंपनीच्या कोठीपर्यंत भरपूर आहेत. भरपूर वेतनानें काम सुधारतेंच, असा पुरावा मात्र नाहीं. जेथें वेतन पुरेसें, तें वेळेवर आणि सरकारकडूनच मिळणारें, कामाचें माप रयतेच्या हितावर ठरलेलें, आणि हिशेब तपासणारा कोणी स्वतंत्र असतो, तेथें कारभार बरा चालतो. मक्तेदाराजवळ माप होतें, पण तें चुकीचें होतें. वतनदाराजवळ शाश्वति होती, पण जाब विचारणारा नव्हता. गांवच्या महाराजवळ यांतलें कांहींच नव्हतें, आणि तरीहि काम त्याच्याकडूनच सर्वांत जास्त घेतलें गेलें.

2024 सालीं महाराष्ट्र सरकारनें तलाठ्याचें नांव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असें केलें. शिवकाळीं पालखी व अबदागिरी हीं वेतनाचीं अंगें होतीं. तेव्हां हुद्द्याच्या नांवालाहि कांहीं मोल आहे, हें नाकारतां येणार नाहीं. वळच्या शिवारांतील भाताच्या खाचरांना गोदामांमुळें जो भाव आला आहे, त्यानें सात-बाराच्या उताऱ्यावरील एका नोंदीचें मोल पूर्वींपेक्षां कितीतरी वाढलें आहे. ती नोंद करणाऱ्या माणसाला सरकार काय देतें, त्याच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा करतें आणि तें काम झालें कीं नाहीं हें कोण पाहतें, हे तीन प्रश्न 1657 सालीं जितके खरे होते तितकेच आजहि आहेत. त्यांचीं उत्तरें दप्तरांत लिहिलीं जातात. पण तीं बरोबर आहेत कीं नाहींत, हें उताऱ्यासाठीं रांगेंत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सर्वांच्या आधीं कळतें.